परिक्रमेतल्या माताजी आणि सैल स्टिअरिंग

मिल बंद झाली त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास पार उडाला होता. जन्मभर फिटरचं काम केलेल्या माणसाला एकच विद्या येते, सैल झालं की आवळायचं. इथे तर अख्खी मिलच खिळखिळी झाली होती आणि कुठला पाना लावावा ते भल्याभल्यांना कळत नव्हतं. माझी बायको मालती नर्मदामैयाची भक्त. ती म्हणायची, मैया बघून घेईल. मी म्हणायचो, मैयाला स्वतःचे पूर सांभाळू दे, आपलं मी बघतो. एक जुनी पिकअप घेतली आणि इंदूरच्या सियागंज बाजारातल्या दुकानांचा माल पोचवायला लागलो. माझ्या अंगात रग होती आणि ती मला आवडायचीही.

त्या पिकअपचं स्टिअरिंग मात्र सैल होतं. चार बोटं फिरवलं तरी गाडी नाकासमोरच चालायची आणि मग एकदम वळायची. स्टिअरिंगच्या दांड्याखाली लोखंडी पेटी असते, तिच्यावरचा एक स्क्रू पिळला की ढिलाई कमी होते. मी तो पिळला. थोडे दिवस बरे गेले, पुन्हा ढिलं झालं, पुन्हा पिळला. शहरात तेवढ्यावर भागत होतं.

अशात एका सकाळी शेजारच्या दुकानात, घाटाखालच्या नर्मदाकाठच्या बडवाहहून फोन आला. आमची लेक रेखा तिथे दिलेली, पहिलटकरीण. पुढच्या आठवड्यात तिला बाळंतपणाला आणायचंच होतं. पण तिचं बीपी वाढलं होतं, पाय सुजले होते, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आजच्या आज इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या, पण झोपवून न्या. जावई कामानिमित्त परगावी. बसमध्ये तिला आडवं कसं करणार? मी पिकअपमध्ये दोन गाद्या टाकल्या आणि मालतीला घेऊन निघालो.

घाट उतरताना माझी सगळी रग जिरली. वळण संपलं तरी स्टिअरिंग आपणहून सरळ होईना. ओढून आणावं तर गाडी भलतीकडेच झेपावत होती. एकदा तर समोरच्या ट्रकवाल्यानं खिडकीतून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. बडवाहला अंगणात गाडी लावली तेव्हा मालती खाली उतरून शांतपणे म्हणाली, "अहो, या गाडीतून माझी पोर घाट चढणार नाही. आधी ही नीट करा." आणि ती रेखाजवळ आत गेली.

मी गाडीखाली शिरलो. हातानं हलवून बघितलं तर सगळे सांधे पक्के. असला दोष एकट्याला सापडत नाही. वर बसून कुणीतरी स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवायचं आणि खालच्यानं नेमकं काय डुलतंय ते बघायचं. घरात दुसरं माणूस म्हणजे विहीणबाई. त्या बसल्या खऱ्या, पण घाबरून त्यांनी स्टिअरिंग असं गच्च धरलं की ते तसूभर हलेना. आतून रेखाचं कण्हणं ऐकू येत होतं. ऊन कलायला लागलं होतं. धुळीत उताणा पडल्या पडल्या मी मनात म्हणालो, मैया, माझ्या हातून होत नाही, आता तूच बघ. मला भीती वाटत होती, म्हणूनच म्हणालो.

तेवढ्यात फाटकाशी आवाज आला, "नर्मदे हर." नर्मदेच्या परिक्रमेतल्या एक वयस्क माताजी सदावर्ताचं, म्हणजे शिध्याचं पीठ मागायला आल्या होत्या. मी खालूनच त्यांना विनवलं. त्या घुटमळल्या, कारण परिक्रमा पायीच करायची असते, वाहनात बसलं की व्रत मोडतं. त्यांनी विचारलं, "गाड़ी चलेगी तो नहीं, भैया?" मी बाहेर येऊन चाकांना दगड लावले आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाकून एकेक दगड स्वतः दाबून बघितला, मगच कमंडलू कट्ट्यावर ठेवून चढल्या.

जोर नको, थोडं इकडे, थोडं तिकडे, एवढंच मी सांगितलं. त्यांनी नाव घेत हलवायला सुरुवात केली. "नर्मदे" म्हणताना डावीकडे, "हर" म्हणताना उजवीकडे. ना घाई, ना धक्का. त्या ठेक्यात मला खालून स्वच्छ दिसलं. मी ज्या पेटीचा स्क्रू पिळत होतो, ती पेटीच चासीवर, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, डुलत होती. तिचा एक बोल्ट गळून पडला होता, बाकीचे ढिले होते. बंपरचा एक बोल्ट त्याच मापाचा निघाला. तो बसवला, सगळे आवळले. मग मी पिळून पिळून जाम केलेला स्क्रू परत सैल सोडला, वळणानंतर स्टिअरिंगला सरळ होऊ देत नव्हता तो तोच. ते करताना जिवावर आलं होतं. त्यांनी पुन्हा हलवून बघितलं आणि म्हणाल्या, "अब सुन रही है."

मी हात धुऊन पाया पडायला आलो तोवर पीठ घेऊन त्या निघूनही गेल्या होत्या. बडवाहला परिक्रमावासी रोजच दारी येतात, यात नवल कसलं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. मला मदत हवी होती आणि ती आली, एवढं मला पुरे आहे. आवळायची विद्या मी मिलमध्ये शिकलो. वेळेवर सैल सोडायची त्या अंगणात शिकलो, आणि अजून ती पुरती आलेली नाही.

परतीच्या घाटात प्रत्येक वळण संपताना मी तळवे ढिले सोडत होतो आणि स्टिअरिंग आपणहून सरळ होत होतं. तोंडानं नर्मदे हर चालू होतं, अगदी मोठ्यानं. मागे रेखाचं डोकं मालतीच्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या दारात मी मागचं फळकं खाली पाडलं तेव्हा ती डोळे चोळत म्हणाली, "बाबा, घाट आला की सांगा हं, मी आईचा हात धरून ठेवते."

"पोरी, घाट केव्हाच मागे राहिला," मी म्हणालो, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली.