थेंब चाखणारे मिस्तरी

हिलाल मिस्तरी मोटारीखालचं पाणी चाखायचे. मोटार त्यांच्या दारात येऊन उभी राहिली की काय बिघडलंय हे ते कधी विचारत नसत. सदरा काढून खुंटीला अडकवायचे, पाठीवर पडून गाडीखाली सरकायचे आणि रेडिएटरच्या तळाच्या तोटीतून गळणारा थेंब बोटावर घेऊन जिभेला लावायचे. मग खालूनच त्यांचा आवाज यायचा. पाणी किती दिवसांचं, गंज इंजिनाचा की हिरवा कळंक तांब्याच्या जाळीचा, हे सगळं ते आडव्यानेच सांगत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, "हाई पानी कोरीटनं शे. काल सांजले भरेल." आदल्या संध्याकाळी मी कोरीटच्या विहिरीवर पाणी भरलं होतं आणि तिथे माझ्याशिवाय चिटपाखरूही नव्हतं.

ही दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीची गोष्ट. नंदुरबारात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मी व्हर्नाक्युलर फायनल पास झालो होतो. शाळेत मास्तरकी करायची सोडून एका मारवाडी शेठजींच्या मोटारीवर ड्रायव्हर म्हणून लागलो. वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मिस्तरी मला हटकून 'मास्तर' म्हणत, आणि ते म्हणताना इतके गंभीर असत की चेष्टा आहे की मान, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माणूस उंच, वाळलेला. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. तुम्ही त्यांच्याशी बोलायला लागलात की ते चांगला डोळा मिटून घेत आणि त्या पांढऱ्या डोळ्याने तुमच्याकडे बघत राहत. गावातल्या बायका त्यांच्या दारावरून जाताना पदर सावरून पावलं उचलत. मिस्तरींना याचं काही नव्हतं. "मोटार खोटं नही बोलस, डायवर बोलस," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते ऐकलं की आम्हा चार-पाच ड्रायव्हरांपैकी प्रत्येकाला ते आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटे, आणि बहुतेक वेळा ते खरंच असे.

आमची मोटार फार जुनी. पितळी रेडिएटर, लाकडी चाकं, आणि तळाची तोटी कायम गळकी. त्या तोटीच्या आत एक निमुळता दट्ट्या असतो; तो झिजला की कितीही आवळा, पाणी झिरपतंच. मिस्तरींनी रेडिएटर धुण्याच्या सोड्याने आतून साफ करून दिला आणि दोन गोष्टी बजावल्या. सोडा निघून जाईपर्यंत साध्या पाण्याने तीन वेळा खळबळायचं, आणि दोन दिवस गाडी त्यांच्याकडे सोडायची, म्हणजे ते दट्ट्या घासून बसवतील. मी एकदाच खळबळलं, कारण विहीर लांब होती. आणि शेठजींना घाई होती, म्हणून गाडी सोडली नाही. एका ड्रायव्हरने सुचवलं की रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाक, गळती बुजते. मिस्तरींना याची भयंकर चीड. हळद टाकलेल्या गाडीला हात लावणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी टाकली.

दर आठवड्याला शेठजी खांडबाऱ्याच्या पलीकडे डोंगरात डिंक आणि मोहाची फुलं घ्यायला जात. चढाला मोटार तापायची. चढ संपला की एक पाडा लागे, आणि त्यातलं पहिलं घर बुधीबायचं. एकटी विधवा. मी हॉर्न वाजवायच्या आत ती पाण्याचा हंडा घेऊन अंगणाच्या कडेला उभी असे. तिची बोली मला कळत नसे, माझी तिला. पण रेडिएटर भरून झाला की ती मोटारीच्या पितळी नाकावरून एकदा हात फिरवी, गुरावरून फिरवावा तसा. खडकाळ चढ संपून तिथे धुळीचा रस्ता लागे, आणि तो पाड्याच्या कारभाऱ्याच्या दारावरून पुढे जायचा.

हळद टाकल्यानंतरच्या दुसऱ्या फेरीला ती हंडा घेऊन उभी नव्हती. भर दुपार, पाड्यात माणूस दिसेना, कोंबडंसुद्धा दिसेना. तिच्या फाटकावर बोरीचे काटे टाकले होते. ती आत ओट्यावर बसून होती. मला पाहून तिने तोंड फिरवलं. मी पुढे गेलो तेव्हा कारभाऱ्याचा गडी भेटला. त्याने मोडक्यातोडक्या अहिराणीत सांगितलं की कारभाऱ्याचा लहान मुलगा आठ दिवस तापात आहे आणि बुधीच्या अंगणापासून त्याच्या दारापर्यंत रक्ताचे थेंब पडलेले सगळ्यांनी पाहिले. ती पोराचं रक्त ओढून नेते, ती डाकीण आहे. डाकीण ठरवणारा भगत मंगळवारी येणार होता. डाकीण ठरलेल्या बाईचं पुढे काय होतं, ते मला त्या मुलखात कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी गाडीखाली वाकून पाहिलं. तोटीतून थेंब पडत होता, आणि तो तांबडा होता. शपथेवर सांगतो, मी टाकलेली हळद मला आठवलीच नाही. हळद पिवळी असते. माझ्या डोक्यात एवढंच आलं की तिने गाडीवरून हात फिरवला होता. शिकलेला माणूस मी, शेठजींना घेऊन परत येईपर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मी गाडी थेट मिस्तरींच्या दारात उभी केली. ते खाली सरकले. तांबडा थेंब जिभेला लावला. मग त्यांनी विचारलं, "हळद कोनी टाकी?"

मी म्हटलं, मला ठाऊक नाही. ते बाहेर आले, चांगला डोळा मिटला आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी फार तर दहा आकडे मोजेपर्यंत टिकलो असेन.

"मीच टाकी, मिस्तरी."

त्यांनी घरातून चिमूटभर हळद आणली, तळहातावर घेतली, वर सोड्याचं पाणी शिंपडलं. हळद माझ्या डोळ्यांसमोर तांबडी झाली. हळदीचं कुंकू करताना माझी आई दर वर्षी हेच करायची; मी ते लहानपणापासून पाहिलं होतं. मी मग पाड्यातली सगळी हकीकत सांगितली. ते रागावतील असं वाटलं होतं. ते सावकाश ओट्यावर बसले आणि म्हणाले, "हळद तुन्ही, सोडा मन्हा. आपन दोन्ही जासूत."

मी म्हटलं, आधी तोटी तरी बसवा. त्यांनी मान हलवली. "आज तोटी बसाडी तं मंग तिले कोन वाचाडी?"

शेठजींना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण मंगळवारी आम्ही गळकी मोटार घेऊन पाड्यात शिरलो. बुधीबायच्या फाटकापाशी वीसेक माणसं उभी होती. भगत म्हातारा होता, काठीवर हनुवटी टेकून बसलेला. मिस्तरी त्याच्याच पुढ्यात जाऊन बसले, पळसाच्या पानावर हळद ठेवली, सोड्याचं पाणी सोडलं. पान तांबडं झालं. मग मला पुढे ढकलून सगळं माझ्या तोंडून वदवून घेतलं; कारभाऱ्याचा गडी ते त्यांच्या बोलीत सांगत गेला. हळद, आळस, खोटं, एकही सोडू दिलं नाही. इतक्या माणसांपुढे माझी लाज पुन्हा कधी निघाली नाही. शेवटी त्यांनी कारभाऱ्याला गाडीमागे चालायला लावलं. मी बुधीबायच्या अंगणापासून कारभाऱ्याच्या दारापर्यंत पायी चालावं इतक्या हळू मोटार नेली, आणि धुळीत थेंबांची तीच रांग उमटली.

भगताने थेंबाला बोट लावून वास घेतला. मग काठीनेच फाटकावरचे काटे बाजूला केले. मिस्तरींनी तिथेच रस्त्यात बसून तोटी खोलली, विटेची बारीक भुकटी आणि तेल लावून दट्ट्या तासभर घासला. मला म्हणाले, रेडिएटर भरायला आत जाऊन तिच्याकडून पाणी घेऊ. मी त्यांच्यामागून झोपडीत गेलो.

आत, चुलीपासून मागच्या भिंतीपर्यंत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर तांबडे थेंब होते. ओले. एकेका हाताच्या अंतरावर, मोजून मांडावेत तसे. बुधीबाय त्या थेंबांकडे न बघता हंड्यातून मिस्तरींच्या तांब्यात पाणी ओतत होती. मिस्तरी वाकले, पण त्यांनी थेंब चाखला नाही. हातातला भरलेला तांब्या त्यांनी जमिनीवर सोडला, सांडलेलं पाणी पायाने भिंतीपर्यंत पसरवलं आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तांब्या पडना हातमाईन." मग दुसरा भरून घेतला.

तोटीतून त्यानंतर थेंबही गळला नाही. कारभाऱ्याचं पोर पंधरा दिवसांनी बरं झालं. त्या दिवशी परतीच्या वाटेवर, घरातले थेंब कशाचे, असं मी दोनदा विचारलं, पण मिस्तरी खांडबाऱ्याच्या स्टेशनाकडे बघत बसले. पुढे सहा वर्षं हा विषय आमच्यात निघाला नाही.

मग दम्याने त्यांना अंथरुणावर पाडलं. मी रोज जाऊन बसे. एका सकाळी त्यांना जरा बरं वाटत होतं, तेव्हा मी धीर करून म्हटलं की तिच्या घरात मोटार गेली नव्हती.

"नव्हती गयी," ते म्हणाले.

"मंग ते काय व्हतं?"

ते श्वास गोळा करत राहिले. दोन्ही डोळे उघडे होते. "माले काय मालूम. मोटारनं नव्हतं, इतलंच माले समजनं." मग म्हणाले, "बाहेर वीस मानसं उभा व्हतात, मास्तर. माले समजनं नही म्हनीसन तिना जीव जावाले पाहिजे का?"

आठवड्याने ते गेले. मी त्यांना खांदा दिला आणि रडलो, वडिलांसाठीही इतका रडलो नव्हतो. बुधीबाय त्यांच्यामागे बरीच वर्षं जगली. मोटार बदलली, तरी मी चढ संपला की तिच्याच दारात थांबत असे, तिच्या हातून पाणी घेत असे. घरात मात्र पुन्हा पाऊल टाकलं नाही, आणि आत काय पाहिलं ते कोणाला सांगितलं नाही. ती गेल्याचं गेल्या महिन्यात कळलं, म्हणून आज लिहिलं.