ट्रंक आली त्या बुधवारी

गुडघ्याची गोष्ट आमच्या मंडळीत लहान पोरंसुद्धा सांगतात. पण त्या गोष्टीच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, ती अजून माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही — नवऱ्यापुढे नाही, पाळकसाहेबांपुढे नाही, आणि खरं सांगायचं तर प्रार्थनेतसुद्धा मी ती जरा कडेकडेनेच नेते. देवाला ठाऊक असेलच, मग कशाला बोला — असं. आज मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी सापडली म्हणून लिहायला बसले. तू कोण आहेस, तुला अगं म्हणू की अरे, मला माहीत नाही. मैत्रीण समजून लिहिते. चौथीपर्यंत शिकलेय, अक्षर मोठं येतं, तेवढं चालवून घे.

मी अंबरनाथला राहते. नवरा एमआयडीसीत कामाला आहे. मी घरी बसून जीन्सचे धागे कापते — उल्हासनगरहून गठ्ठे येतात, कापून झाले की परत जातात. हे काम मला फार आवडतं. का? जीन्स काही विचारत नाही. माणसं विचारतात. अनोळखी माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे. भाजीवाल्याने चुकून मेथीऐवजी शेपू दिली तर मी शेपू घेऊन घरी येते. नवरा म्हणतो, ‘आज परत शेपू? कोणाला घाबरलीस?’

तर आमच्या चर्चचे पाळकसाहेब. हवालदाराचा मुलगा, पोलीस लाइनीत वाढलेला. म्हणून त्यांचा पोलिसांवर जीव. चौकीत जातात, कटिंग पितात, कोण अपघात बघून आल्यापासून झोपत नाही, कोणाची आई गेली आणि सुट्टी मिळाली नाही, ते ऐकून घेतात. एखादा पोलीस गेला तर त्याच्या घरी आमच्यापैकी एक बाई पाठवतात. धर्म सांगायला नाही हं. ते पहिल्याच दिवशी बजावतात — कुणी विचारल्याशिवाय येशूचं नाव काढायचं नाही, आपण नुसतं बसायला जातो. आणि जायचं कधी, तर चौदाव्या दिवशी. तेराव्याचं जेवण झालं की माणसं पांगतात, साहेब लोक हार घालून गेलेले असतात, घर रिकामं होतं. तेव्हा जायचं. मग दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ. येईन म्हटलं की यायचं.

मला त्यांनी का निवडलं? मी बोलत नाही म्हणून. म्हणाले, ‘बाकीच्या बाया उपदेश करतात. दीनाबाई गप्प बसतील. असंच माणूस पाहिजे.’ सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि नाही म्हणायचं राहून गेलं — नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं ना.

घर होतं बदलापूरला. वनिता, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. माहेर वांगणीचं, आगरी. नवरा हवालदार, बंदोबस्तावर उभा असताना छातीत कळ आली आणि गेला. दोन मुलं, दुपारी शाळेत. पाळकसाहेबांनी तिला फोन करून सांगितलं, आमच्या दीनाबाई दर बुधवारी चार वाजता येतील. ती बरं म्हणाली.

पहिल्या बुधवारी मी चारला पाच कमी असताना तिच्या इमारतीखाली पोचले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गेटातून वर बघितलं. गॅलरीत साड्या वाळत होत्या. मला वाटलं, दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं? नमस्कार, मी चर्चमधून — मग? तुमचा नवरा गेला म्हणून आलेय? समोर रस्त्याच्या पलीकडे बदामाच्या झाडाखाली एक बाकडं होतं. म्हटलं, दोन मिनिटं बसून वाक्य जुळवू. पाच वाजेपर्यंत बसले. वाक्य जुळलं नाही. घरी आले.

रविवारी उपासनेनंतर महिला मंडळात प्रत्येकीने उभं राहून सांगायचं असतं — भेट कशी झाली, प्रार्थनेचा विषय काय. पाळकबाई, म्हणजे पाळकसाहेबांची बायको, वही घेऊन बसतात. माझी पाळी आली. आणि तुला सांगते, जन्मात पहिल्यांदा माझी जीभ सरळ चालली. म्हटलं, बरी भेट झाली, चहा घेतला, जास्त बोलल्या नाहीत. प्रार्थनेचा विषय? — मी म्हटलं, गुडघा.

गुडघा का? मला आजपर्यंत कळलेलं नाही. समोर एस्तेरआजी स्वतःचा गुडघा चोळत बसल्या होत्या, त्यामुळे असेल.

तीस बायकांनी डोळे मिटून वनिताच्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली. ज्या बाईला मी बघितलेलं नाही तिच्या, जो दुखत नाही त्या गुडघ्यासाठी. पुढच्या रविवारी मी सांगितलं, उजवा. त्याच्या पुढच्या रविवारी, जिना चढताना जास्त होतं. खोटं बोलायला लागलं की तपशील आपोआप सुचतात, हे मला तेव्हा कळलं. घरीसुद्धा मी वनिताबद्दल इतकं सांगायचे की नवरा म्हणाला, ‘आता तू बोलायला लागलीस, मला भीती वाटायला लागली.’

आणि दर बुधवारी मी जायचे. हे मात्र खरं. चार वाजता गेटापाशी, वर बघायचं, बाकड्यावर बसायचं, पाचला परत. घरी बसून खोटं बोलले असते तर भाडं तरी वाचलं असतं. पण जायचेच. जाण्याचं अर्धं पुण्य मिळत असेल, असा काहीतरी हिशोब असेल माझा. असं कुठे असतं?

पाचव्या रविवारी मी गुडघा बरा झाल्याचं सांगून टाकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी गाणं धरलं. एस्तेरआजी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘प्रार्थना तर आपणच केली गं, ती माझ्यासाठीही रोज करतात. तिने तेल कुठलं लावलं, तेवढं विचार.’ आणि पाळकबाई इतक्या खूश झाल्या, की आठव्या बुधवारी स्वतः माझ्यासोबत निघाल्या — बरा झालेला गुडघा बघायला.

त्या तीन जिन्यांवर मी कठडा धरून मुद्दाम सावकाश चढत होते. आजारी आहे म्हणावं, पडावं, काहीतरी करावं — पण पाळकबाई पुढे, आणि त्यांनी बेल दाबलीसुद्धा. वनिताने दार उघडलं. पाळकबाई म्हणाल्या, ‘कसा आहे गुडघा?’

वनिताने त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी खाली फरशीकडे.

‘बरा आहे आता,’ ती म्हणाली. ‘या ना. दीनाताई, तुमी नेहमीच्या जागेवर बसा.’

मला नेहमीची जागा कुठली हे कसं कळणार? उभीच राहिले. तिने डोळ्यांनी खिडकीजवळची खुर्ची दाखवली. पाळकबाई तासभर बसल्या, गुडघ्याबद्दल बोलल्या, वनिताने चार पावलं चालूनही दाखवली. मग त्या हात धुवायला आत गेल्या, तेव्हा वनिता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘त्या बाकड्यावर मुंग्या हायेत गो. चावत नाय का तुला?’

तिला सगळं दिसत होतं. गॅलरीतून. पहिल्या बुधवारपासून. चार वाजता ती दोन कप चहा टाकायची, साड्यांच्या आडून बघायची, मी वर बघून बाकड्याकडे वळले की एक कप परत पातेल्यात ओतायची. तिची नणंद चिखलोलीला राहते, ती बुधवारी सोबतीला यायची. तिला वनितानेच सांगितलं होतं, बुधवारी नको येऊस, चर्चच्या बाई येतात. म्हणजे माझ्यामुळे ती त्या दुपारी जास्तच एकटी होती. हे तिने मला हसत सांगितलं, आणि मी पुढच्या बुधवारी जिने चढले. त्याच्या पुढच्याही. आता चार वर्षं झाली, एक बुधवार चुकलेला नाही.

इथपर्यंतचं वाचून तू म्हणशील, बरं झालं की, गोड झाली गोष्ट. हो. इथपर्यंतचं मी आणि वनिता मिळून पन्नास वेळा हसलोय. रस्त्यात एखादी बाई लंगडताना दिसली की ती मला कोपराने ढोसते — ‘करू का प्रार्थना?’ गुडघ्याचं खोटं पाळकबाईंना मी सांगितलेलं नाही, ते वेगळं. पण ते नाही जे मी लिहायला बसलेय. मी परत कडेकडेने चाललेय, बघ.

पाचवा बुधवार.

मी बाकड्यावर होते. चारला दहा कमी. पोलिसांची गाडी येऊन बरोबर बाकड्यासमोर उभी राहिली. मी उठून शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीमागे गेले — पोलीस दिसला की मी तशीही बाजूला होते. एक बाई पोलीस उतरली, एक पुरुष. मागून त्यांनी एक लोखंडी ट्रंक काढली. हिरवा रंग, वर पांढऱ्या अक्षरात वनिताच्या नवऱ्याचं नाव आणि बक्कल नंबर. नाव मला टपरीच्या फटीतून वाचता आलं. चौथी शिकलेय म्हटलं ना.

बाई पोलिसाने इस्त्रीवाल्याला विचारलं, वनिता वहिनी कुठल्या मजल्यावर. मग, ‘ती चर्चची बाई गेली का वर?’ इस्त्रीवाला म्हणाला, माहीत नाही मॅडम. ती बरोबरच्या पोलिसाला म्हणाली, ‘वहिनींनी मुद्दाम बुधवार सांगितलाय. म्हणाल्या, चारला आणा, ती बाई सोबत असते.’

माझ्यापासून तीन हातांवर. इस्त्रीच्या कोळशाचा धूर माझ्या तोंडावर येत होता आणि मी खोकला दाबला.

ते ट्रंक घेऊन वर गेले. थोड्या वेळाने रिकाम्या हातांनी खाली आले, ‘वाट बघतायत, बाई येतीलच म्हणाल्या वहिनी,’ असं बोलत गाडीत बसले, गाडी गेली. आता ती वर एकटी ट्रंकेसमोर होती आणि हे जगात मला एकटीला माहीत होतं. तीन जिने. बोलायचं काहीच नव्हतं, नुसतं बसायचं होतं — ज्यासाठी मला निवडलं होतं तेवढंच. मी टपरीमागून मागच्या गल्लीने स्टेशनला गेले. बाकड्याकडे वळलेसुद्धा नाही, गॅलरीतून दिसेन म्हणून. आणि त्याच आठवड्याच्या रविवारी उभी राहून म्हटलं, गुडघा बरा झाला. कारण मला ते सगळं लवकर संपवायचं होतं. टाळ्या वाजल्या त्या याच्यावर.

मी लाजाळू होते म्हणून — असं एक वाक्य इथे लिहिलं होतं. खोडलं.

पुढे आमची गट्टी जमल्यावर वनिताने मला ट्रंकेचं सांगितलं. किल्ली सापडेना, मग वरवंट्याने कुलूप फोडलं. आत वर्दी, शिट्टी, कंगवा, बडीशेपेची पुडी आणि तीन न धुतलेले मोजे. ‘तीनच गो,’ ती म्हणाली, ‘चौथा शोधत मी सगळी ट्रंक उपसली. जिवंत होता तवाही असंच, आणि आता वर जाऊनपन.’ हसली. मग म्हणाली, मोज्यांचा वास घेऊन मी संध्याकाळपर्यंत जमिनीवर पडून होते, पोरं शाळेतून आली तरी उठता येईना, थोरल्याने शेजारणीला बोलावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘त्या दिवशी तू नव्हतीस ना? मी बघितलं, बाकडं रिकामं होतं. तू खाली असतीस तर ट्रंक बघून आली असतीस वर, येवढी काय तू दगड नायस.’

मी म्हटलं, ताप होता मला त्या दिवशी.

ती म्हणाली, ‘वाटलंच मला.’

आता ती आमच्यासोबत दुसऱ्यांच्या घरी येते. चर्चला येत नाही, घरी गणपती बसवते, पण चौदाव्या दिवशी आमच्याआधी तयार असते. नव्या बाईला ती पहिली गोष्ट हीच सांगते — सामान आलं तर एकटीने उघडू नका. मी एकटीने उघडलं, ही दीनाताई यायची पण नेमका तिला ताप होता. सगळ्या घरांत सांगते. मी शेजारी बसलेली असते. मान हलवते. पाळकसाहेब म्हणतात, तुमची दोघींची जोडी छान जमलीय. जमलीय, यात खोटं काही नाही. तिच्यासोबत मी जितकी हसले तितकी लग्नाच्या आधी पण हसले नसेन.

गेल्या आठवड्यात उल्हासनगर कॅम्प एकमध्ये एका घरी गेलो होतो. नवरा जाऊन चौदा दिवस झालेले. वनिताने ट्रंकेचं सांगितलं, मोज्यांचं सांगितलं, त्या बाई रडता रडता हसल्या. मग तिने तापाचं सांगितलं. त्या बाईंनी — त्यांचाच नवरा गेलेला — माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘अरेरे, तुम्हाला किती वाईट वाटलं असेल.’

मी म्हटलं, हो, खूप ताप होता.

ताप नव्हता. मी टपरीमागे उभी होते. मला ट्रंकेवरचं नाव वाचता आलं होतं, ती माझी वाट बघतेय हे मी कानांनी ऐकलं होतं, आणि मी वर गेले नाही.