वाळूतला पिवळा तुरा

तुमच्या वाटेवर उगवणाऱ्या किती झाडांना तुम्ही नावानं ओळखता, आणि किती झाडं नुसती ‘जंगली’ म्हणून निकालात काढता?

मीही काढलंय. बाबा ओमानमध्ये सहमला एका शेतावर पंपांची दुरुस्ती करत. थंडीतल्या एका शुक्रवारी आई आणि मी दार्सैतच्या घरून त्यांच्याकडे गेलो होतो. समुद्राकडच्या खारट वाळूत आईला एक पिवळाधमक तुरा दिसला. हिरवं पान एकही नाही.

“अगो, नाव काय ह्याचं?”

“असेल काहीतरी जंगली,” मोबाईलवरून नजर न काढता मी म्हणाले.

आईनं तो खणून काढला. बाबा हसले, “अर्धं ओमान उपटून नेशील तू!”

“गावाला मी काठी खुपसली तरी पालवी फुटते,” ती म्हणाली. ते खरंच होतं.

घरी तिनं तो दूध पावडरच्या डब्यात लावला, रोज पाणी घातलं. आठवड्याभरात तो काळा पडून कुजला. आईनं डबा धुऊन पालथा घातला. “माझा हातच गेला इथे येऊन.” पुढे बाल्कनीतली तुळस सुकली, तेव्हा तिनं नवी लावलीच नाही.

गेल्या वर्षी आई गेली. या थंडीत मी त्या शेताच्या म्हाताऱ्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, आईनं डब्यातल्या तुऱ्याचा काढलेला जुना फोटो दाखवला. “धानून,” तो लगेच म्हणाला. किनाऱ्यावर नेऊन त्यानं एका तुऱ्याभोवतीची वाळू बोटांनी उकरली. दांडा खाली एका खारट झुडपाच्या मुळाला चिकटला होता. धानून स्वतःचं अन्न करत नाही, त्या मुळावरच जगतो. “झुडपापासून तोडलं की खलास. कुणीही लावो.”

कुणीही लावो! आईचा हात गेलाच नव्हता. दोन मिनिटांत शोधता आलं असतं, मोबाईल त्या दिवशी माझ्या हातातच होता.

पलीकडची वाळू सपाट केली होती, उपटलेल्या झुडपांचा ढीग पडला होता. याला म्हणे साफसफाई म्हणतात. त्या शब्दाची मला चीड येते. माझ्या ‘जंगली’ची त्याहून जास्त.

म्हणून सांगते, अनोळखी झाड उपटण्याआधी त्याच्याजवळ बसा. ते कशाच्या आधारानं उभं आहे ते पाहा, जाणत्याला नाव विचारा. आणि घरातल्या कुणी एखाद्या फुलाचं नाव विचारलं, तर शोधून सांगा. त्याच दिवशी.