दोन हिसके

पाण्याखाली सहा मीटरवर मी बाबांसमोर अंगठा आणि तर्जनीचा गोल करून 'ओके?' विचारत होते आणि ते उत्तर देत नव्हते. पुन्हा विचारलं. काही नाही. आमच्या कामात दोनदा उत्तर आलं नाही की पाहुण्याला वर न्यायचं. मी जवळ जाऊन मास्कच्या काचेतून पाहिलं. बाबांचे डोळे घट्ट मिटलेले होते.

मी डायव्हिंग इन्स्ट्रक्टर आहे. अंदमानातल्या एका बेटाभोवती प्रवाळ आहे. दिसायला खडक, पण बारीक जिवंत जीवांनी बांधलेला. पाठीला हवेची टाकी बांधून मी लोकांना तिथले मासे दाखवते. बाबा पवनी तालुक्यातले. आधी वैनगंगेत आणि आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात, जन्म मासेमारीत गेलेला. माझी नोकरी त्यांना कधीच पटली नाही.

"मासा धराचा नाही, नुसता पाहाचा. हे कोनतं काम होय, बाई?" दर दिवाळीला हेच. म्हणून यंदा त्यांना बोलावूनच घेतलं. त्यांनी एकदा पाहावं, एवढंच मला हवं होतं.

आमचे मॅनेजर रत्नागिरीकडचे, शिस्तीला कडक.

"घरचं माणूस दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडे द्यावं."

"सर, ते दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत."

"तुझं ऐकतात?"

मी बाबांच्या मापाचं जॅकेट शोधायला लागले.

"बरं, ने. पण प्रवाळाला हात लागला तर डाइव्ह तिथेच बंद. दुसरी मिळणार नाही."

आता पाण्याखाली, नियमाने त्यांना वर न्यायलाच हवं होतं. पण बाबांचे बुडबुडे संथ येत होते. घाबरलेला माणूस भसाभसा श्वास घेतो. हात मात्र पुढे सरकत होते, बोटं पसरलेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की म्हातारा कामाला लागलाय. आमच्याकडच्या गढूळ पाण्यात डोळे उघडून काही उपयोग नसतो. दगडाखालचा मासा हातानेच चाचपायचा.

उजवा हात एका कपारीकडे निघाला. कपारीतून मोरे ईलने डोकं बाहेर काढलं होतं. आपल्या वाम माशासारखीच लांबट, पण दांडगी आणि दातांची. मी टाकी धरून बाबांना मागे ओढलं. त्यांना तो प्रवाह वाटला असावा, कारण पाय मारून ते परत पुढे. पाण्यात हाक मारता येत नाही, आणि खुणा मिटल्या डोळ्यांना दिसत नाहीत.

मग लहानपणीचा, आमच्या डोंग्यावरचा, म्हणजे छोट्या होडीवरचा दोर आठवला. जाळं तळाशी अडकलं की बाबा कमरेला दोर बांधून बुडी मारायचे आणि दुसरं टोक माझ्याकडे असायचं. दोन हिसके म्हणजे थांबा. मी त्यांच्या जॅकेटचा पट्टा धरून दोन हिसके दिले.

हात जागच्या जागी थांबला. मग डोळे उघडले.

ईलकडे पाहून त्यांनी दोन्ही हात काखेत घातले, ते शेवटपर्यंत. पोपटमासे कटकट आवाज करत प्रवाळ कुरतडत होते. बाबा एकेका माशामागे मान वळवत होते. फक्त एकदा हात बाहेर आले. समोरून कासव गेलं, तेव्हा देवळात शिरताना करतात तसा त्यांनी नमस्कार केला. मला फार बरं वाटलं.

वर आल्यावर मी विचारलं, "डोळे काहून मिटले होते जी, बाबा?"

"पान्यात उघडून का दिसते?" म्हणाले. मग स्वतःच हसले.

आता बुडीआधीच्या सूचनांमध्ये माझं एक वाक्य जास्त असतं: डोळे उघडे ठेवा. पर्यटक हसतात. हसू देत.

मागच्या रजेत घरी गेले, तर बाबांना दिलेला माझा जुना मास्क धुऊन खुंटीवर टांगलेला. बाबा तो लावून धरणात उतरतात म्हणे.

"काही दिसते का, बाबा?"

"काहीच नाही. मातीच माती." त्यांनी मास्कची काच धोतराने पुसली. "पर उघडे ठेवतो आता."