द्राक्षवाल्या बाईंची रोजची ओळ

जर्मनीत मी काय काम करायचे हे नाशिकच्या माझ्या मावशीला अजूनही नीट कळलेलं नाही. छोट्या दुकानदारांना सोशल मीडियावर स्वतःची जाहिरात कशी करायची ते शिकवायचे, असं सांगितलं की ती म्हणते, "म्हणजे तुझं दुकान कुठे होतं?" नवरा त्सुफेनहाउझेनच्या मोटार कारखान्यात इंजिनियर, मी पुण्यात जाहिरातींचं काम केलेली, जर्मन भाषा घासूनपुसून कामापुरती झालेली. त्या वर्षांत प्रत्येक धंद्याचं स्वतःचं पान हवंच अशी हवा होती, म्हणून स्टुटगार्टजवळच्या एका प्रशिक्षण संस्थेने मला ठेवून घेतलं.

माझ्या वर्गात केस कापणाऱ्या एक बाई होत्या, एक चष्मेवाले, एक सायकल दुरुस्तीवाले आणि असेच आणखी काही. सगळे वेळेआधी पाच मिनिटं हजर. पहिलाच प्रश्न आला, की फोटोत गिऱ्हाईक दिसत असेल तर त्याची लेखी परवानगी लागेल का. लागेल, म्हटल्यावर वर्गाचा निम्मा वेळ त्यातच गेला. हसऱ्या गिऱ्हाइकांच्या फोटोंवर मी आदल्या आठवड्यात घेतलेली सगळी मेहनत पाण्यात गेली.

शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून साठीच्या एक बाई बसायच्या. नेकार नदीच्या काठावर त्यांची आणि नवऱ्याची द्राक्षबाग होती. वर्षातले काही आठवडे ही मंडळी घरातल्याच खोल्या रिकाम्या करून बाकं मांडतात आणि घरची वाइन, घरचं जेवण विकतात. त्या दिवसांत दाराबाहेर एक झाडू टांगायचा. झाडू दिसला की या, नसला की घरी जा. एवढी जाहिरात पुरते, असं बाईंचं म्हणणं. पुण्यात चौकाचौकांत फलक लावून हात पोळलेली मी, ऐकून गारच पडले. पण झाडूचा अर्थ कळणारी माणसं म्हातारी होत चालली होती, म्हणून हाम्बुर्गला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने आईचं नाव परस्पर माझ्या वर्गात घातलं होतं.

मी सगळ्यांना सांगितलं होतं की काही नाही तरी पानावर रोज एक ओळ लिहा. बाकीच्यांनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. बाईंनी मात्र मनावर घेतलं. तिकडे इमारतीत जिना झाडण्याची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते, आणि जिना लख्ख असला तरी त्या आठवड्यात तो झाडावाच लागतो. बाईंनी माझी ओळ त्याच निष्ठेने लिहायला घेतली.

"आज पश्चिमेचा वारा. खालच्या रांगा बांधल्या." दुसऱ्या दिवशी, "बांधाचा एक दगड सुटला होता, बसवला." मी त्यांच्या मागे लागले, की शेवटी वाचकांना एखादा प्रश्न विचारा, एखादा हसरा चेहरा टाका. त्यांनी शांतपणे कळवलं की त्यांना काही विचारायचं नाही. लाइक करणारे दोघेच, सायकलवाले आणि मी.

उन्हाळ्यात त्यांनी मला बाग बघायला बोलावलं. मी मूळची नाशिकची, द्राक्षांच्या गावची, मला काय दाखवणार, अशा तोऱ्यात गेले. आमच्याकडे बाग म्हणजे सपाट रान, वर मंडप आणि खालून ट्रॅक्टर. इथे नदीतून सरळ कडा उठला होता आणि त्याला खालपासून वरपर्यंत पायऱ्या पाडून प्रत्येक पायरीवर वेली उभ्या केल्या होत्या. पायऱ्यांचे बांध नुसते दगडावर दगड रचलेले, मध्ये चुना नाही की सिमेंट नाही. यंत्र चढणं शक्यच नव्हतं. यातला प्रत्येक दगड कुणीतरी पाठीवरून वर नेला होता, पिढ्यान्‌पिढ्या. मी सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहून खाली पाहिलं तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले.

उतरताना बाईंनी एक गोष्ट सांगितली, तीही हवापाण्याच्या सुरात. तोडणीला येणारे नातेवाईक आता थकले होते, नवऱ्याचे गुडघे गेले होते. ज्या वर्षी वरच्या पायऱ्यांची द्राक्षं तोडणं जमणार नाही, त्या हिवाळ्यात तिथल्या वेली उपटायच्या, असं नवराबायकोत ठरलं होतं. वेली गेल्या की बांध कोण सांभाळतो? मग डोंगर आपला खाली येतो.

सप्टेंबरच्या शेवटी एका बुधवारी ओळ आली. ओळ कसली, बाईंच्या मानाने निबंधच. "नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रविवारपासून पाऊस येणार. शनिवारी सकाळी खालच्या रांगा तोडू. वरच्या पायऱ्या राहतील."

पिकलेला घड भिजला की सडतो हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी लगेच फोन लावला आणि म्हटलं, खाली दोनच शब्द घाला, मदत हवी. त्या नाही म्हणाल्या. लोकांना आपापली कामं असतात. त्यांनी फक्त काय आहे ते लिहिलं होतं. मी समजावलं, चिडले, आवाजही चढवला. ढिम्म. शुक्रवारपर्यंत त्या ओळीला एकही लाइक नव्हता. सायकलवाल्यांचासुद्धा नाही.

शनिवारी नवऱ्याला उठवलं. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या, त्यांनीही बूट चढवले. "अगं, आपण तिघं जाऊन काय डोंगर हलवणार?" असं म्हणत त्यांनी थालीपिठांचा डबा मात्र भरून घेतला होता. एस-बान लोकलमधून उतरलो तर दाट धुकं, हाताला धरलेलं माणूस दिसेना. पायवाटेने जाताना आधी नुसता आवाज ऐकू आला. कात्र्यांचा. वर, आणखी वर, सगळीकडून.

मग धुकं विरळ झालं. प्रत्येक पायरीवर माणसं होती. सायकलवाले होते, केस कापणाऱ्या बाई होत्या, चष्मेवाले बायकोसकट होते. बाकीच्यांना तर मी कधी पाहिलंही नव्हतं. कुणी गप्पा मारत नव्हतं. वरून घडांनी भरलेल्या बादल्या हातोहात खाली येत होत्या आणि रिकाम्या वर जात होत्या. सबंध कडा हलतोय असं वाटलं. ऊठसूट शेरा मारणाऱ्या माझ्या सासूबाईसुद्धा तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

माझ्या शेजारी एक उंच गृहस्थ तोडत होते. ते दुसऱ्या गावाहून आले होते आणि बाईंना त्यांनी आजवर पाहिलेलंही नव्हतं. मी विचारलं, तुम्ही कसे आलात?

"म्हणजे काय, मी रोज वाचतो. लिहिलं होतं ना पानावर."

"पण या असं कुठे लिहिलं होतं?"

ते माझ्याकडे जरा नवलाने पाहत राहिले. "नव्हतं," ते म्हणाले, "पण वरच्या पायऱ्या राहतील असं लिहिलं होतं."

मी बादली पुढे दिली. सासूबाई सगळ्यात खालच्या रांगेत पदर खोचून बसल्या. "अहो आई, जपून," म्हटलं तर मलाच म्हणाल्या, घड देठाजवळ कापत जा, मणी गळतायत तुझे.

दुपार कलता कलता वरच्या पायऱ्या रिकाम्या झाल्या. खाली बाकांवर पाव आणि सॉसेज मांडलं होतं, थालीपिठंही फस्त झाली. बाईंचा नवरा कुबड्या बाजूला ठेवून खुर्चीत बसला होता आणि एकटक वर पाहत होता. बाई ग्लास भरत फिरत होत्या. आभाराचं भाषण वगैरे काही नाही.

उंच गृहस्थांनी कात्री पुसून खिशात घातली आणि निघता निघता बाईंना विचारलं, "वरची छाटणी कधी करता?"

बाईंचा हात बाटलीसकट थांबला. जी वेल उपटायची ठरलीय तिची छाटणी कुणी करत नाही, हे आम्हा नाशिककरांनाही कळतं. आजूबाजूच्या बाकांवरची माणसंही उत्तरासाठी बघत होती, जणू आपापल्या घरी जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची होती. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"फेब्रुवारीत," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली, बाटली खाली ठेवली आणि एवढ्या परक्या माणसांसमोर दोन्ही हातांनी डोळे पुसले.