हाडांची नाव

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, कर्जतला जंगलाचे ठेकेदार होते. आसपासच्या डोंगरांतलं लाकूड आणि कोळसा त्यांच्या वखारीतून मुंबईला जायचा. घरात कशाला काही कमी नव्हतं. कमी होती ती एका पदवीची. सरकारनं आपल्याला 'रावसाहेब' म्हणावं, यासाठी त्या माणसाचा जीव नुसता कासावीस व्हायचा. माणूस वाईट नव्हता हो, हौस वाईट होती.

तेव्हा खोपोलीला विजेचं काम होऊन काही वर्षं झाली होती. वीज तारांवरून आमच्या डोक्यावरून मुंबईला जायची आणि आम्ही खाली बसून कंदिलाच्या काचा पुसायचो. तिथल्या बंगल्यांतला एक गोरा इंजिनेर विलायतेला परत निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. मामंजी बैलगाडीत पेंढा भरून गेले आणि चिनी मातीच्या भांड्यांचा अख्खा संच घेऊन आले. पांढरीशुभ्र भांडी, काठाला सोन्याची रेघ, तिच्याखाली बारीक निळी फुलं. ताटली उजेडासमोर धरली तर मागची बोटं दिसायची! मी सतरा वर्षांची होते. इतकं देखणं मी तोवर काही पाहिलं नव्हतं, उगाच कशाला खोटं बोलू?

तिथे मामंजींनी घोडचूक केली. साहेबाच्या बटलरनं जे सांगितलं होतं, ते त्यांनी घरात मोठ्या फुशारकीनं सांगितलं.

"ही साधी माती नव्हे. हाडांची राख घालून भाजलीय. म्हणून इतकी पांढरी!"

सासूबाई माजघराच्या दारात सोवळ्यात उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "हाडं? कुणाची?"

"आता कुणाची ते काय सांगू? असतील बैलाची..."

 सासूबाईंनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. संच ओटीवरच्या खोलीत राहील. त्यातलं एक जरी भांडं माजघराचा उंबरठा ओलांडून आत आलं, तर त्या चौक गावी माहेरी निघून जातील. माहेरी तेव्हा एक भाचा आणि दोन म्हशी एवढंच उरलं होतं, पण मामंजी घाबरले.

मग ओटीवरच्या खोलीत काचेचं कपाट आलं आणि भांडी त्यात जाऊन बसली. कोणतं भांडं कशासाठी, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायची मामंजींना लाज. झाकणाच्या मोठ्या भांड्याला ते वरणाचा हंडा म्हणायचे. उभ्या दांडीचे सहा चिमुकले पेले होते, ते त्यांच्या मते गंधासाठी. येईल त्या पाहुण्याला त्या पेल्यात बोट बुडवून कपाळाला गंध लावायचा त्यांनी सपाटाच लावला. आणि एक लांबट भांडं होतं. एका बाजूला कान, दुसऱ्या बाजूला पुढे आलेली चोच, आकार होडीसारखा.

"हिला नाव म्हणायचं," मामंजी म्हणाले.

"पण ती कशासाठी?" मी विचारलं.

"शोभेसाठी!" असं म्हणून त्यांनी ती कपाटाच्या बरोब्बर मधोमध ठेवली.

कशेळ्याकडच्या वाडीतून एक ठाकरीण आमच्याकडे लाकडाची मोळी घेऊन यायची. एकदा मोळी टाकून घाम पुसता पुसता ती खिडकीतून आत डोकावली आणि हसायलाच लागली.

"आगं बाय! येवढं मोठं बोंडलं! सायबाचं प्वार केवढं आसंल गं?"

तान्ह्या मुलाला दूध पाजायचं चोचीचं भांडं ते बोंडलं, ते तर घरोघरी असायचं. मामंजींनी तिला हाकलून लावलं, आणि अडाणी बाई म्हणून आम्ही सगळे हसलो. खरं तर अख्ख्या घरात तिलाच काय ते कळलं होतं!

पुढल्या मार्गशीर्षात मला मुलगी झाली. बाराव्या दिवशी मला हिवताप भरला तो उतरेचना, आणि माझं दूध आटलं. गाईचं दूध पाणी घालून पाजायचं ठरलं. सासूबाईंचं चांदीचं बोंडलं होतं, त्यावर आमच्या यजमानांसकट सगळी भावंडं वाढलेली. पण ही कार्टी त्याला तोंड लावायला तयार नाही. चांदी कोमट दुधानंही तापायची, ओठांना लागली की ती मान फिरवून ओठ मिटून घ्यायची. कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजलं, त्यातलंही निम्मं गळ्यावरून खाली. पंधरा दिवसांत तिच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली. आधी ती टाहो फोडून रडायची, मग नुसती कुंईकुंई करू लागली. वैद्य आले, नाडी पाहिली आणि म्हणाले, पोटात दूध गेलं तर वाचेल. अहो, हे सांगायला वैद्य कशाला लागतो?

यजमान नोकरीला मुंबईत होते. सांगायचं कुणाला?

एका दुपारी मामंजी वखारीवर गेले होते. मला त्या ठाकरणीचं बोलणं आठवलं. मी भिंतीला धरून ओटीवरच्या खोलीत गेले, कपाट उघडलं, नाव काढली, धुतली आणि तळाशी थोडं दूध घेऊन चोच पोरीच्या ओठांना लावली. ती गुळगुळीत कड तिला काय वाटली कोण जाणे. तिनं एकदा चाटून पाहिलं आणि मग घुटुक घुटुक प्यायलाच लागली! माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थरथरत होते, त्यामुळे निम्मं दूध तिच्या अंगावर सांडत होतं.

मान वर केली तर दारात सासूबाई.

मी म्हटलं, संपलं आता सगळं. सासूबाई पोरीकडे बघत राहिल्या, तिच्या गळ्याची हालचाल बघत राहिल्या. मग आत आल्या आणि खाली बसल्या.

"हात कापतायत तुझे. सांडतंय. दे इकडे."

पोरीला मांडीवर घेऊन त्यांनी स्वतः सगळं दूध पाजलं. मग उठल्या, परसातल्या विहिरीवर गेल्या आणि डोक्यावरून थंड पाणी घेतलं. हाडांना शिवल्या होत्या ना! तेव्हापासून दिवसातून सहा-सात वेळा हेच. पाजायचं, अंघोळ करायची, ओल्यानं आत यायचं. पौषातली थंडी, पन्नाशी उलटलेली बाई. मी पाजते म्हटलं की म्हणायच्या, "तू आधी ताप उतरव." आणि नाव माजघरातच राहू लागली. माहेरी जायची गोष्ट त्यांनीही काढली नाही, आम्हीही नाही.

मामंजींच्या हे ध्यानात आलं नाही, कारण ते साहेबाची वाट बघत होते. गोरे प्रांतसाहेब दौऱ्यावर कर्जतला यायचे होते आणि आमच्याकडे चहाला येतो म्हणाले होते. झालं! सतरंज्या झटकल्या, पगडी नवी आली, शिऱ्यात केशर पडलं. साहेबाचा घोडा फाटकाशी आला आणि तेवढ्यात मामंजींनी कपाटाकडे पाहिलं. मधोमध मोकळी जागा.

ते धावतच माजघराच्या दाराशी आले. "नाव कुठाय? अगं, नाव कुठाय?"

सासूबाई पोरीला पाजत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"पोर पितेय."

"साहेब दारात आलाय! सगळ्या पंचक्रोशीत माझं नाव बुडेल!"

"तुमचं नाव बुडेल तर बुडू दे," सासूबाई म्हणाल्या. "ही नाव मी सोडायची नाही."

 मामंजी पगडी सावरत बाहेर पळाले.

मी फटीतून सगळं पाहिलं. साहेबानं कपाटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मामंजींनी चिमुकल्या पेल्यात बोट बुडवून त्याच्या गोऱ्या कपाळावर गंध ओढलं, तेव्हा मात्र त्यानं पेला हातात घेऊन निरखला आणि ठसका लागेस्तोवर हसला. साहेब खूश झाला म्हणून मामंजीही हसले. जाताना कारकुनानं हळूच सांगितलं, साहेब रोज सकाळी असल्याच पेल्यात उकडलेलं अंडं ठेवून खातो. बिचारे मामंजी! वर्षभर गावच्या कपाळांना ते अंड्याच्या पेल्यातलं गंध लावत होते.

रावसाहेबी काही आली नाही. ती गेली दुसऱ्याच एका गृहस्थाकडे, ज्यानं साहेबाला पितळेच्या पेल्यातून चहा दिला होता. मामंजी मरेपर्यंत म्हणत राहिले, एका नावेनं माझं नाव बुडवलं. अंड्याचं मात्र कधी काढलं नाही. पोर वाचली, चांगली धडधाकट वाढली, आणि मला उलट उत्तरं द्यायला लागली.

त्या दिवशी साहेब गेल्यावर मी परसात गेले. अंगात ताप होता, पण मला राहवलं नाही. सासूबाई विहिरीवर अंगावर पाणी ओतत होत्या, दात वाजत होते. मी म्हटलं, "सासूबाई, तो बटलर खोटंसुद्धा बोलला असेल. हाडांचं नसेलच ते. तसं समजा आणि या अंघोळी तरी सोडा."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"हाडांचंच आहे गं ते," त्या म्हणाल्या. "नाहीतर पोरीच्या अंगात हाडं कुठून आली असती?"

आणि पुढचा तांब्या डोक्यावर ओतून घेतला.