जोतिबाच्या कड्यावरची उडी

दोन हजार तेवीस साली मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो. त्या उन्हाळ्यात शाहूपुरीतल्या एका प्रकाशकानं माझ्याकडं चार छापील पानं पाठवली. जिल्ह्यातल्या अचाट माणसांचं पुस्तक निघणार होतं. कुस्तीतली, पोहण्यातली, फुटबॉलातली, सिनेमातली. सिनेमातल्यांत मी, नायकाच्या बदली उभा राहणारा गडी. चूक असेल ती लाल पेनानं खोडा आणि खाली सही करा, असं पानं आणणाऱ्या पोरीनं सांगितलं.

माझी शाळा चौथीत सुटली. बोट ठेवून वाचतो, पण दुसऱ्याकडनं वाचून घेत नाही. चार पानांना आख्खी दुपार गेली. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. ‘जोतिबाच्या डोंगरावरच्या कड्यावरून नायकाच्या जागी त्यांनी स्वतः उडी घेतली.’

ती उडी मी मारली न्हाई.

नायकाचे कपडे घालून कड्यावर उभा राहिलो, एवढं खरं. खाली भाताच्या पिंजराचा हा मोठा ढीग रचलेला, वरनं तो हातरुमालाएवढा दिसत होता. तीनदा इशारा झाला, तीनदा पाय जाग्यावरच. शेवटी कपडेपटातल्या शिंप्यानं मला खडकाआड नेलं, अंगातले कपडे उतरवून घेतले, त्यात उसाचं पाचट कोंबून बाहुलं शिवलं आणि दिलं ढकलून. मी चड्डीवर खडकाआड बसलेलो, डोळे मिटून.

पुढं थेटरात पडद्यावर ते बाहुलं पडलं आणि पेठेतल्या पोरांनी माझ्या नावानं शिट्ट्या मारल्या. न्हाई म्हणायला तोंड उघडेस्तोवर मला खांद्यावर घेतलं होतं. त्याच महिन्यात सासऱ्यानं पोरगी दिली. म्हणाला, असल्या छातीचा जावई पाहिजे मला. तवापास्नं ती उडी मी माझीच म्हणून सांगत आलो. पण सांगितलेलं वाऱ्यावर जातं. छापलेलं मी गेल्यावरबी राहणार, आणि खाली माझी सही.

दिवस मावळायला त्या पानं आणणाऱ्या पोरीचा फोन आला.

“आजोबा, त्या सिनेमाचे शिंपी सापडले. कळंब्याला असतात. प्रकाशनाला तुमच्या शेजारीच बसवतो त्यांना. चार शब्द बोलतील.”

“काय म्हणाले ते?”

“हसले नुसते. म्हणाले, येतो की.”

फोन ठेवला. ताटावर बसलो, पण भाकरीचे तुकडे नुसतेच ताटात मांडत राहिलो. भरल्या सभागृहात तो उठणार, हसणार, आणि सांगणार. पहिल्या रांगेत माझी बायको बसलेली असणार.

“काय हुतंय? बीपी वाढलं का?” बायकोनं विचारलं.

मग सांगून टाकलं. खडकाआडच्या चड्डीसकट, प्रकाशनाला येणाऱ्या शिंप्यासकट.

तिनं हातातली भाकरी ताटात ठेवली.

“म्हंजे माझं लगीन कुणासंगं लागलं?” ती म्हणाली. “पाचटाच्या बाहुल्यासंगं?”

“तवा सांगितलं असतं तर तुझ्या बापानं दिली असती का?”

“न्हाई.”

“मग?”

“मग काय. त्यो शिंपी सांगणार, का तुम्ही सांगताय?”

“मी खोडणार न्हाई. ह्या वयात मला शिकवू नको.”

ती ताट उचलून आत गेली. माझं तसंच ठेवून.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, शिंप्यानं सांगण्याआधी आपणच सांगावं म्हणून, लाल पेन घेतला. ती ओळ खोडली. वरच्या जागेत एकेक अक्षर जुळवून लिहिलं, ‘कपडे माझ्या अंगातले होते. उडी बाहुल्यानं मारली.’ सही केली, पानं पिशवीत घातली. उंबऱ्याशी बघतोय तर ही पदर खोचून, चपला घालून उभी.

“तू कुठं?”

“वाटंतनं माघारी फिरलासा तर?”

बसमध्ये मी शाहूपुरीची दोन तिकिटं काढली. पिशवी तिनं आपल्या मांडीवर घेतली आणि उतरेपर्यंत सोडली न्हाई.